डालगं

बुरडानं विणलेलं बांबूचं डालगं आमच्या भागातल्या आठवडे बाजारात आजही मिळतं. उपडं टाकलं की कोंबडी पिल्लांसकट आत मावते, हवा खेळती राहते, वर एखादा धोंडा ठेवला की रात्रीची काळजी मिटते. आमच्या घरी डालगं होतं ते आजीचं. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठाला आमचं घर. नदीकडच्या गवतातून रानमांजर यायचं. आजी त्याला बाऊल म्हणायची. पाय लांब, शेपूट आखूड, तिच्या टोकाशी काळी वळी. कोंबडी गेली की आजी हळहळायची, पण बाऊलाला तिनं शिव्या दिल्याचं मला आठवत नाही. ‘त्याच्या घरीबी पिल्लं असतील,’ एवढंच म्हणायची आणि दुसऱ्या रात्री डालग्यावर आणखी जड धोंडा ठेवायची.

घरच्या मांजरीवर मात्र तिनं डालगं कधी टाकू दिलं नाही. मांजर माळ्यावर व्यायली की पिल्लं खाली पडतील म्हणून मला ती झाकून ठेवायची असायची. आजी माझा हात धरायची. ‘तिला सात घरं फिरवायची असतात. वाट अडवू नको.’ ही सात घरं आपल्याकडे कुणाला माहीत नाहीत? त्यामागचं कारण मला खूप पुढे कळलं. एकाच जागी राहिलं की पिल्लांचा वास साचतो, पिसवा वाढतात, बोक्याला आणि कुत्र्याला माग लागतो. म्हणून आई एकेकाला मानगुटीला धरून हलवत राहते. बाऊल तेच करतं. बिबट्याची मादीही तेच करते.

आजीच्या हयातीतच गावाची शिवारं बदलली. येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांचं पाणी आलं आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. माणसाहून उंच, वर्षभर हलत नाही. आत गारवा, पाणी, आसपास कुत्री आणि शेळ्या. बिबट्याच्या माद्या तिथं व्यायला लागल्या. त्या बछड्यांनी डोळे उघडले ते उसातच. जंगलातून भरकटत आलेला प्राणी असं त्यांना म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

मी मांजरांचा निवारा सुरू केला तो घरच्या मांजरांसाठी. गोणीत बांधून रस्त्याकडेला टाकलेली पिल्लं, गाडीखाली येऊन कंबर मोडलेल्या मांजरी, मालक परगावी गेल्यामुळे बंद दाराशी बसून राहिलेले बोके. इथलं काम बरंचसं हातांचं आहे. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, दूध नंतर. थंड पोटाला दूध पचत नाही. पाजायचं ते पालथं धरून, दर दोन-तीन तासांनी. पाजून झालं की ओल्या कापसानं मागची बाजू पुसायची, कारण आई चाटत नाही तोवर पिल्लाला लघवीही सुटत नाही. ते करताना आईचं काम केवढं असतं ते कळतं.

सुरुवातीला निवाऱ्यात सगळीकडे डालगीच होती. मग पॅनल्यूकोपेनियाची साथ आली. संध्याकाळी खेळणारं पिल्लू सकाळी मान टाकतं, असा हा रोग. त्याचा विषाणू जमिनीत, फटीत वर्षभर तग धरू शकतो. ब्लीचिंगनं मरतो, पण बांबूच्या विणीत ब्लीचिंग पोचणार कसं? डॉक्टरांनी विणलेली प्रत्येक वस्तू बाहेर काढायला सांगितली. आजीचं डालगं मी स्वतः जाळलं. त्या आठवड्यात गेलेल्या पिल्लांइतकंच ते जाळणं जड गेलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

हाच रोग रानातल्या मांजरकुळालाही होतो. म्हणून रानातलं पिल्लू मी निवाऱ्याच्या फाटकाआत येऊ देत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते मला ठेवताही येत नाही, आणि तो कायदा मला अगदी योग्य वाटतो. ऊसतोड सुरू झाली की मुकादमांचे फोन येतात. पाचटात पिल्लं सापडली, बिबट्याची आहेत. बरेचदा ती वाघाटीची असतात. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा दीड किलोच्या आतबाहेर. मी वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवते आणि नवीन विकत घेतलेलं, मांजरांच्या वाऱ्यालाही न ठेवलेलं डालगं गाडीत टाकते. वनरक्षकांसोबत पिल्लं सापडली त्याच सरीत ठेवायची, कुत्र्यांपासून जपायला त्यांच्यावर डालगं, सावलीला पाचट. अंधार पडायला लागला की एक कड दगडावर उचलून ठेवायची आणि सगळ्यांनी लांब निघून जायचं. कॅमेऱ्यात दिसतं: आई येते, आत शिरते, एकेकाला उचलून नेते.

बिबट्याचे बछडे असले की गोष्ट अवघड होते. शिरूर-जुन्नर पट्ट्यात बिबट्यानं लहान मुलं मारली आहेत. एका शेतकरीण वहिनींनी मला बांधावर अडवलं. ‘माझी पोरं याच वाटेनं शाळेला जातात. न्या त्यांना लांब कुठंतरी.’ त्यांची भीती खरी होती, तिच्यापुढे प्राणिप्रेमाचं भाषण करणं मला लाजिरवाणं वाटलं असतं. मी त्यांना ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याची हकिगत सांगितली. २००९मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून काढलेला तो बिबट्या माळशेज घाटात सोडला, तर गळ्यात कॉलर घेऊन चालत चालत थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला. त्याचा माग ठेवणाऱ्या विद्या अत्रेय यांनी जुन्नरच्या बिबट्यांचाही अभ्यास केला. पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले, असं त्यात दिसलं. आणि बछडे हरवलेली मादी त्याच शेताभोवती घिरट्या घालत राहते, तीही बिथरलेली. म्हणून बछडे तिथंच ठेवून आईची वाट बघायची. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आणि ती आलीच नाही तर?’

तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतो. तरीही नाही आली, तर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात न्यावं लागतं. तिथली माणसं जीव लावून सांभाळतात, पण शिकार आईच शिकवते आणि ती तिथं नसते. पिंजऱ्यात वाढलेला बछडा बहुतेक वेळा पिंजऱ्यातच म्हातारा होतो. म्हणून दुसऱ्या रात्रीही आम्ही जातो, तिसऱ्या रात्रीचीही परवानगी मागतो. वहिनींनी त्या दोन रात्री मुलांना बहिणीकडे ठेवलं आणि तोड थांबवून बांधालगतच्या चार सऱ्या तशाच उभ्या राहू दिल्या.