एस. पी. रोडवरून आणलेला कॉम्प्युटर

नीट जोडलेला कॉम्प्युटर सुरू होताना सहसा एकच छोटा बीप देतो. आमच्याकडे 2003 साली आलेला डेस्कटॉप कित्येक वर्षं तसाच जागा होत असे. मग एका सकाळी तो लांब लांब बीप देत राहिला, मॉनिटर काळाच. रॅम जागेवर नसल्याची ती खूण. पट्टी काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलीच्या खोडरबराने घासले, परत घट्ट बसवली, आणि तो सुरू झाला. तेव्हापासून या यंत्राचं बिनसलं की आधी कान द्यायचा, ही सवय लागली.

तो घेतला बंगळूरच्या सदर पत्रप्पा रोडवर. सगळं शहर त्याला एस. पी. रोडच म्हणतं. टाउन हॉलजवळचा अरुंद, सदा गजबजलेला रस्ता. मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, कॅबिनेट समोरून, आणि हे सगळं जोडणारे अण्णा एका जिन्यावरच्या गाळ्यात. कानडी, हिंदी, तमिळ, दखनी अशा चार भाषांत घासाघीस चाललेली. पेंटियम 4 आणि विंडोज एक्सपी असलेला तो डबा माझ्यासमोर, एकेक स्क्रू फिरवून तयार झाला. म्हणूनच तो उघडायची मला कधी भीती वाटली नाही.

पुढे निवृत्त झाल्यावर आई बेळगावहून माझ्याकडे राहायला आली आणि कॉम्प्युटर तिचा झाला. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिला उतरवून ठेवायच्या होत्या. टायपिंगला बरह हे सॉफ्टवेअर. शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांनी ते 1998 साली कानडीसाठी केलं, पुढे त्यात देवनागरीही आली. रोमन कळा दाबल्या की मराठी उमटायची. आईला ते चटकन जमलं. ती गुणगुणत टाइप करायची, कारण चालीशिवाय ओवी तिला आठवतच नसे.

आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. वीज गेलेली नाही, यूपीएस ओरडलेला नाही, पण पडदा एकदम काळा. कुणाला वाटेल, चार ओळी गेल्या तर परत टाइप करायच्या. पण ओवी पुन्हा म्हटली की तीच येत नाही. दुसऱ्या खेपेला भावाचं नाव बदलायचं, तुळशीऐवजी जाई यायची. ती नवी ओवीही खरीच, पण आधीची गेली ती गेलीच. मला त्या बंद पडण्याचा राग यायचा तो यासाठी.

अण्णांचा एकच नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबून बघायचं. दोन बदलल्या तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. एप्रिल होता, म्हणून पहिला संशय उष्णतेवर. पंखा काढला तर खालच्या पात्यांवर धुळीची गादी, आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून पापुद्रे झालेले. फार तापला की प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच वीज तोडतं. म्हणजे ज्याला मी बिघाड म्हणत होते, तो त्याचा बचाव होता. साफसफाई केली, नवी पेस्ट लावली, आणि काही महिने शांततेत गेले.

नंतर घड्याळ मागे पडायला लागलं. सुरू होताना चेकसमची तक्रार, एफ 1 दाबा म्हणून विनवणी, आणि आईच्या नव्या फाइलींवर भलतीच जुनी तारीख. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा, नाण्याएवढा सीआर 2032 सेल संपला होता. तो बदलण्याएवढं सोपं काम या यंत्रात दुसरं नाही.

खरं दुखणं पुढे निघालं. बंद पडणं परतलं तेव्हा अण्णांनी बोर्ड उजेडात तिरका धरला. प्रोसेसरशेजारच्या उभ्या कपॅसिटरची सपाट डोकी फुगली होती, एकातून तपकिरी द्राव पाझरलेला. त्या काळात जगभर असे कपॅसिटर निघाले. आतल्या द्रावाची अॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन वायू साठतो. डोक्यावरची खाच असते ती दाब वाढला की तिथूनच फाटावं म्हणून. अण्णांनी ते एकेक काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे नवे डाखले. एवढ्याशा कामासाठी अख्खा बोर्ड फेकायला निघणारी माणसं मला समजत नाहीत. आज कितीतरी लॅपटॉपांची रॅमसुद्धा बोर्डवरच डाखलेली असते, खोडरबराला जागाच नाही. केंद्र सरकारने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, ते फार आधी यायला हवं होतं.

एक्सपीचा आधार एप्रिल 2014 मध्ये संपला, तेव्हा इंटरनेटची तार काढून टाकली. ओव्यांना इंटरनेट लागत नाही. पण त्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर नुसती चिन्हं दिसतात. म्हणून आता एकेक फाइल युनिकोडमध्ये आणतेय आणि आईला वाचून दाखवतेय. ती ऐकते, मधेच थांबवते, आणि वेगळी ओवी सांगते. तीही खाली लिहून घेते.

अलीकडे तो पुन्हा मधेच जायला लागला. पेस्ट ओली, कपॅसिटर सपाट, एसएमपीएस बदलून झालेला. या वेळी दोष पुढच्या बटणात निघाला. स्प्रिंग मऊ पडून ते दाबलेलंच राहायचं, आणि पॉवरचं बटण चारेक सेकंद दाबून धरलं की यंत्र बंद होतंच. रीसेटच्या बटणाची तार काढून पॉवरच्या पिनांवर लावली. आईला सांगितलं, आता खालचं छोटं बटण दाबायचं.