बॉनच्या पटावरचे नाव

दुसरबीडहून आगगाडीत बसायचे म्हणजे आधी एस.टी.ने जालना गाठायचे. आमच्या पिढीतल्या अनेकांचा पहिला रेल्वेप्रवास सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्यासाठी झाला. माझाही तसाच.

माझी मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत कोलोनला असते. तिच्याकडे गेले तेव्हा एका रविवारी ती म्हणाली, "आई, चल, बॉनला जाऊ. संध्याकाळपर्यंत परत येऊ." रेल्वेने अर्ध्या तासाचा रस्ता. फलाटावर कुणी अडवत नाही, तिकीट गाडीतच तपासतात.

बॉन हे र्‍हाईन नदीकाठचे जुने शहर. संगीतकार बीथोव्हन १७७० साली इथेच जन्मला. १९४९ नंतर पश्चिम जर्मनीची राजधानीही इथेच होती. पण आम्ही गेलो ते विद्यापीठ पाहायला. स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटे. पूर्वी तो धर्मगुरू राज्यकर्त्यांचा राजवाडा होता. १८१८ साली स्थापन झालेले विद्यापीठ पुढे तिथे भरू लागले. समोरच्या हिरवळीवर पोरे-पोरी निवांत बसली होती.

मुलीने सांगितले, "आई, १९२१ साली बाबासाहेबांनी इथे नाव नोंदवले होते. पण ते लंडनच्या अभ्यासात गुंतलेले. तासांना हजेरी नाही, म्हणून नाव कमी झाले."

मी थबकलेच. गैरहजेरीमुळे नाव कमी! माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मीही त्यांच्यासोबत कोपीवर. चौथीत माझेही नाव पटावरून कमी झाले होते. पुढच्या वर्षी आजीने मला गावातच ठेवून घेतले, हाताला धरून शाळेत नेले आणि नाव पुन्हा घालून घेतले. म्हणून मी दहावीपर्यंत शिकले, अंगणवाडीत लागले, आणि माझी मुलगी इथवर पोचली.

बॉनच्या पटावरून नाव गेले, पण बाबासाहेबांचा अभ्यास थांबला नाही. त्यांनी लंडनहून १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. बॅरिस्टरही झाले.

मायबहिणींनो, आजही दिवाळी झाली की कोयता घेऊन घरेच्या घरे निघतात आणि लेकरांची शाळा सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला, मध्ये शाळा सुटली तरी, वयाप्रमाणे वर्गात बसण्याचा हक्क दिला आहे. आता नाव गेले, आता काय शिकणार, असे म्हणून त्याला घरी बसवू नका. आजी असेल तिने, मावशी असेल तिने त्याचा हात धरावा आणि शाळेची पायरी चढावी.