आधी ताळा, मग आकडेमोड

पेढीवर नवा काटा आला की जाणता व्यापारी त्यावर लगेच माल चढवत नाही. आधी प्रमाणित वजन ठेवून पाहतो. पाच किलोच्या वजनाला काट्याने पाच किलोच दाखवले, तर पुढचा व्यवहार. मालाचे खरे वजन काय हे काट्याला विचारण्यापूर्वी, ज्याचे उत्तर आपल्याला पक्के ठाऊक आहे असा प्रश्न त्याला विचारायचा, ही ती रीत.

संगणकाच्या प्रोग्रामलाही हीच रीत लावावी, आणि तीही प्रोग्राम लिहिण्याच्या आधी, असा आग्रह धरणारी एक कार्यपद्धती आहे. तिला ‘टेस्ट ड्रिव्हन डेव्हलपमेंट’ म्हणतात. अमेरिकेतील केंट बेक यांनी २००२ साली याच नावाच्या पुस्तकात तिची सविस्तर मांडणी केली. ही कल्पना आपली नवी नाही, असे ते स्वतःच सांगतात. एका जुन्या पुस्तकात त्यांनी वाचले होते की, आत जाणारी फीत हाती घ्यावी, बाहेर यावयास हवी ती फीत स्वतः टंकून ठेवावी आणि दोन्ही फिती जुळेपर्यंत प्रोग्राम लिहीत राहावे. हिशेबनिसाला यात नवल वाटू नये. बेरीज किती यावी याचा अंदाज नसताना ज्याने रोजमेळ मांडला, त्याला चूक सापडते ती दैवयोगानेच.

कराटे शिकणारा जसा तेच ते ठरावीक हात रोज गिरवतो, तसे प्रोग्राम लिहिणारेही लहान लहान अभ्यास गिरवतात. डेव्ह थॉमस यांनी अशा अभ्यासाला कराट्यातलाच ‘काता’ हा शब्द लावला. त्यांतला एक जुना आणि लोकप्रिय अभ्यास म्हणजे ‘पिग लॅटिन’. इंग्रजी मुलांच्या या गुप्त भाषेत शब्दाच्या आरंभीचे व्यंजन शेवटी नेऊन त्याला ‘ए’ जोडतात. ‘पिग’चे ‘इगपे’ होते. मराठी मुलांची ‘च’ची भाषा हिची सख्खी बहीण शोभावी. त्यामुळे सांगलीच्या एका आडत पेढीतील नात पुण्याहून सुट्टीत घरी आली आणि आजोबांना आपले काम समजावून सांगू लागली, तेव्हा तिने उदाहरण घेतले ते ‘च’च्या भाषेचे.

पहिली चाचणी आजोबांनीच सांगितली: ‘हळद’ दिली तर ‘चळदह’ यावे. प्रोग्राम अजून नव्हताच, म्हणून पडद्यावर लाल खूण उमटली. नातीने मग दोन ओळी लिहिल्या. काहीही दिले तरी ‘चळदह’ असेच उत्तर द्यावे, एवढाच त्यांचा अर्थ. खूण हिरवी झाली.

“अगं, ही तर लबाडी झाली,” आजोबा म्हणाले.

“लबाडीच आहे, आजोबा. ती पकडायला तुम्ही दुसरा शब्द द्या.”

आजोबांनी ‘गल्ला’ दिला; उत्तर ‘चल्लाग’ हवे. खूण पुन्हा लाल. आता मात्र पहिले अक्षर उचलून शेवटी नेणे आणि त्याच्या जागी ‘च’ बसवणे भाग पडले. लबाडी मुद्दाम करायची आणि पुढच्या चाचणीने ती मोडून काढायची, हा या पद्धतीतला सर्वांत विचित्र वाटणारा आणि सर्वांत उपयोगी भाग. गरजेपेक्षा एक ओळही अधिक लिहिली जात नाही. पोथीभर प्रोग्राम लिहून मग त्यात दोष धुंडाळत बसणाऱ्यांच्या तुलनेत ही काटकसर व्यापाऱ्याला मानवणारी आहे.

‘गूळ’ या शब्दाशी खरी अडचण आली. उत्तर ‘चूळग’ की ‘चळगू’? अक्षर मात्रेसह जाते की मात्रा मागे राहते? नातीला सांगता येईना. आजोबांनी लहानपणीच्या दोन-चार शब्दांचा मनाशी उच्चार केला आणि निर्णय दिला: मात्रा जागेवरच राहते, ‘मी’चे ‘चीम’ होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला जे कळत नाही ते धंदा जाणणाऱ्याला विचारावे लागते. चाचणी आधी लिहायची असल्याने हा प्रश्न वेळेवर, कागदावरच निघाला.

गंमत अशी की ‘गूळ’ची चाचणी काहीही न बदलता हिरवी झाली. संगणक ‘गू’ हे एक अक्षर मानतच नाही. ‘ग’ आणि दीर्घ उकार अशी दोन चिन्हे तो ओळीने साठवतो. पहिले चिन्ह उचलले की उकार आपोआप मागे राहतो. पण न मागता मिळालेल्या यशावर नातीने विश्वास ठेवला नाही. अपेक्षित उत्तर तिने मुद्दाम चुकीचे लिहिले, खूण लाल होते हे पाहिले आणि मगच ते दुरुस्त केले. रिकामा असतानाही पाच किलो दाखवणारा काटा पाच किलोच्या परीक्षेत उत्तीर्ण होतोच की!

‘ज्वारी’ने मात्र दगा दिला. यायला हवे होते ‘चारीज्व’, आले ‘च्वारीज’. जोडाक्षरातला अर्धा भागच उचलला गेला होता. नातीने घाईत दुरुस्ती केली: शब्दात हलन्त जेथे सापडेल तेथपर्यंतचे, पुढच्या व्यंजनासह, सारे उचलावे. ज्वारी साधली, पण ‘गल्ला’ लाल झाला! त्यातले जोडाक्षर मध्यावर असल्याने ‘चल्लाग’चे ‘चागल्ल’ झाले होते. जुनी चाचणी जागेवर होती म्हणून नवी दुरुस्ती जुने बिघडवते आहे हे क्षणात दिसले. ती नसती, तर ही चूक पुढे कोणत्या दिवशी, कोणाच्या डोळ्यांपुढे उघडी पडली असती? हलन्त दुसऱ्याच स्थानी असेल तरच जोडाक्षर उचलावे, असे केल्यावर सारे हिरवे झाले. मग नातीने प्रोग्रामची मांडणी स्वच्छ केली, नावे नीट दिली आणि पुन्हा एकवार सर्व चाचण्या चालवून पाहिल्या.

हिरव्या खुणेचा अर्थ मात्र मर्यादितच घ्यायला हवा. तेरीज जुळली म्हणून वह्या निर्दोष ठरत नाहीत, हे वाणिज्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही शिकतो. जो व्यवहार मुळात नोंदलाच नाही तो तेरजेला दिसत नाही. नावे आणि जमा दोन्हींकडे सारखीच चूक झाली तरी ती दिसत नाही. आजोबांनी ‘आंबा’ विचारला तेव्हा प्रोग्रामने निमूटपणे ‘चंबाआ’ असे काहीतरी दिले. स्वराने सुरू होणारा शब्द कोणी विचारलाच नव्हता. नातीने तो कागदावरच्या यादीत लिहून ठेवला.

बेक यांच्या पुस्तकातले पहिले उदाहरण शब्दांचे नाही, पैशाचे आहे: डॉलर आणि स्विस फ्रँक यांची एकत्र बेरीज. नात घरी आली होती तीही त्याच कामासाठी. पेढीचा बिलांचा जुना प्रोग्राम टाकून ती नवा लिहिणार होती. दहा रुपये चाळीस पैशांच्या तीन ओळी असल्या, तर प्रत्येक ओळ रुपयात पूर्ण केल्यास ३० होतात आणि शेवटी एकदाच केल्यास ३१. यांतले कोणते खरे, हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नसते. पेढीच्या रिवाजाला आणि कायद्याला ते ठाऊक असते. यातला रिवाजाचा भाग आजवर आजोबांच्या आणि मुनीमजींच्या डोक्यातच होता.

आजोबांनी जुन्या फायली काढवल्या. साधी बिले त्यांनी मोजकीच निवडली. ज्यांवर गिऱ्हाइकाशी वाद झाला होता, ज्यांत माल परत आला होता, ज्यांत हमाली-तोलाई दोनदा लागली होती, ती मात्र झाडून सारी बाजूला ठेवली. प्रत्येकाखाली पेन्सिलीने यायला हवी ती रक्कम लिहिली. दोन बिलांपाशी पेन्सिल थांबली.

“हे उद्या मुनीमजींना विचारू, बाळ,” ते म्हणाले, “तोवर तू एक ओळही लिहू नकोस.”