थांबता येणारी गाडी

गणपतीला दोन दिवस उरले की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पहाटे चारला ताडपत्रीची सळसळ ऐकू यायची. कुणाची तरी मारुती कोकणात निघालेली असायची. कॅरिअरवर आधी गाद्यांची वळकटी, तिच्यावर बॅगा, बॅगांच्या मध्ये मखराच्या घडीच्या फळ्या, वरून ताडपत्री आणि मग सुंभाचा दोर. दोर ओढायला शेजारचे काका लुंगीवरच खाली यायचे. एक जण या बाजूने पाय रोवून ओढणार, दुसरा त्या बाजूने गाठ मारणार. सगळं बांधून झालं की गाडी खाली आणि सामान वर, असं दोन मजली काहीतरी दिसायचं. आमच्या वयाच्या कितीतरी जणांच्या डोळ्यांसमोर ते चित्र अजून असेल.

आमची गाडी पांढरी, 1987 सालची मारुती 800. बाबांनी ती 1992 मध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतली. नवी गाडी नोंदवून वाट बघणं आमच्यासारख्यांना परवडणारं नव्हतं. या गाडीची सुरुवातच नोंदणीच्या रांगेने झाली होती. 14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली, तेव्हा लाखाहून जास्त लोक नाव नोंदवून बसले होते. तोवर मध्यमवर्गीय घराला गाडी म्हटलं की अँबॅसिडर किंवा आमच्याच कुर्ल्यात बनणारी फियाट, आणि तीही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दारात उभी असलेली. मारुतीने ती दार बदलून आमच्या दारात आणली. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, बारा इंचांची चाकं. लांबी सव्वातीन मीटरच्या थोडी वर, रुंदी दीड मीटरपेक्षाही कमी. आमचं स्वयंपाकघरही याहून मोठं होतं.

त्या गाडीतून आम्ही सहा जण राजापूरजवळच्या आमच्या गावी जायचो. पावणेचारशे किलोमीटर. बाबा गाडी चालवायला, त्यांच्या शेजारी आजी, मागे आई, आत्या आणि मी. सात वर्षांच्या धाकट्या भावाला स्वतःची जागा नव्हती. त्याच्या जागेची वाटणी गावांवर होती. पनवेलपर्यंत आईच्या मांडीवर, नागोठण्यापर्यंत आत्याच्या, माणगावपर्यंत माझ्या, मग पुन्हा आई. एखादं गाव आलं आणि मांडी बदलायची राहिली तर तो स्वतःच आठवण करून द्यायचा. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या गावांचा क्रम त्याला शाळेत भूगोल शिकायच्या आधी पाठ झाला, तो असा.

पायाखाली साखरेची पिशवी, दशम्यांचा डबा, पाण्याचा फिरकीचा तांब्या. मागच्या काचेशी इलेक्ट्रिकच्या तोरणाचं खोकं. आजीच्या मांडीवर तिची कापडी पिशवी, तिच्यात आलेपाक, आवळासुपारी आणि उलटीच्या गोळ्या. डिकीत स्टेपनी, जॅक, पान्हा आणि जांभ्या दगडाचा एक तिकोनी चिरा. घाटात चढावर गाडी थांबली की भावाने उडी मारून तो मागच्या चाकाला लावायचा आणि गाडी सुटली की उचलून पळत यायचं. हे काम त्याचं होतं आणि तो ते दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

आता मुद्द्याचं सांगते. एवढ्या लहान गाडीत सलग बसताच येत नव्हतं. दीड तास झाला की आत्याच्या पायाला मुंग्या यायच्या, आईची मांडी बधिर व्हायची, आजीला कंबर सरळ करायची असायची. त्यामुळे आम्ही थांबायचो. पन्नास-साठ किलोमीटरला एकदा, कधी त्याच्याही आधी. आणि गाडी एवढीशी की तिला उभं राहायला बैलगाडीएवढी जागा पुरायची. वडाच्या सावलीत, देवळाच्या वाटेवर, पुलाच्या कडेला, कुठेही. आमच्या घरात त्या रस्त्यावर आपल्या मर्जीने थांबणारी ही पहिली पिढी होती.

त्याआधीच्या कुणाला ते जमलंच नव्हतं. आजी लग्न होऊन मुंबईला आली ती जैतापूरहून आगबोटीने, भाऊच्या धक्क्यावर. पुढे एसटी आली. गणपतीच्या एसटीचं आरक्षण मिळणं हाच एक सोहळा असायचा. ती गाडी रात्रीची. महाडच्या स्टँडवर दहा मिनिटं, चिपळूणला पंधरा. कंडक्टरने घंटा मारली की चहा अर्धा टाकून चढायचं. आजी त्या रस्त्याने चाळीस वर्षं गेली, पण तिने बघितला तो खिडकीबाहेरचा काळोख आणि स्टँडवरचे दिवे.

1994 च्या गणपतीला आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या गाडीने निघालो. कर्नाळ्याच्या खिंडीत उजाडलं. किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका ढगांतून वर आला तेव्हा बाबांनी गाडी कडेला घेतली. आजीने विचारलं, "काय झालं रे? पंक्चर?" बाबा म्हणाले, "काही नाही आई, बघायला थांबलो." हे कारण तिला पटायला थोडा वेळ लागला. मग तीही उतरली आणि पदर सावरून वर बघत राहिली. वडखळला पोह्यांचे पापड घेतले, चहा घेतला. मागून येणाऱ्या एसट्या भरलेल्या जात होत्या आणि आम्ही निवांत उभे होतो, याचंच मला त्या दिवशी अप्रूप होतं.

महाडला बाबा गाडी स्टँडकडे न नेता गावात घेऊन गेले. चवदार तळ्याच्या काठाला थांबले. बाबा फार बोलणारे नव्हते. पायऱ्या उतरून त्यांनी आम्हा दोघांना पाण्याला हात लावायला सांगितलं आणि म्हणाले, "20 मार्च 1927 ला बाबासाहेब इथे आले आणि ओंजळीने पाणी प्यायले. पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, हे लक्षात ठेवा." इतकंच. वर येऊन दशम्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. त्या पाण्याचा गारवा मला आजही हाताला आठवतो. महाडच्या स्टँडवरून आमच्या घरातली माणसं शंभर वेळा गेली असतील, पण तळ्यापर्यंत जाणारी आम्ही पहिलीच.

पोलादपूर सोडलं आणि कशेडी घाटात पाऊस लागला. चढ, वळणं, पुढे लाकडाचा ट्रक, समोरून येणाऱ्या एसटीच्या वाऱ्याने गाडी अंगभर हलायची. बाबा दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर यायचे, इंजिनाचा आवाज चढायचा आणि गाडीतल्या सगळ्यांचं बोलणं आपोआप बंद व्हायचं. अर्ध्या घाटात वायपर बंद पडला. काचेवरून पाणी नुसतं वाहत होतं, आतून वाफ धरलेली. बाबांनी एका चहाच्या टपरीशी गाडी घेतली. भावाने चिरा लावला. टपरीवर एक ट्रकवाले मामा बसले होते. त्यांनी विचारलंही नाही. खिशातून तंबाखूची पुडी काढली, तळहातावर पाण्याने ओली केली आणि काचेवर बाहेरून गोल गोल घासली. पाणी थेंबाथेंबाने अडायचं थांबलं, एकसारखं खाली सरकायला लागलं आणि पलीकडचा रस्ता दिसू लागला. "खेडपर्यंत जाल," मामा म्हणाले, "तिथे वायपर बघून घ्या." बाबांनी पैसे पुढे केले, त्यांनी हात जोडले. आईने डब्यातल्या दोन दशम्या दिल्या, त्या मात्र घेतल्या. त्या रस्त्यावर मदत अशी, न बोलावता यायची. लहान, वाकलेल्या, वर ओझं बांधलेल्या गाडीकडे बघून बायाबापड्यांना आणि ट्रकवाल्यांना माया वाटायची, असं मला आजही वाटतं.

खेडला वायपर झाला. लोटे मागे टाकून परशुरामाच्या घाटाशी आलो तेव्हा दुपार कलली होती. भाऊ सवतसड्याचा धबधबा बघायचा म्हणून हट्टाला पेटला होता. बाबांनी मात्र आधी गाडी देवळाच्या वाटेला लावली. एसटीत "परशुराम आला" असं कुणीतरी म्हणायचं आणि आजी अंधारात, अंदाजाने एका बाजूला हात जोडायची. देऊळ रस्त्याच्या खाली, पायऱ्या उतरून. रस्त्यावरून ते दिसतही नाही. इतकी वर्षं ती झाडांना नमस्कार करत आली होती.

आजीचे गुडघे दुखायचे. पावसाने जांभ्याच्या पायऱ्या निसरड्या झालेल्या. आत्याने एक हात धरला, मी दुसरा. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरली. उतरायलाच वीस मिनिटं गेली असतील. गाभाऱ्यासमोर ती उभी राहिली, बसली नाही. मागच्या रेणुकामातेचं दर्शन घेतलं, बाणगंगेचं पाणी डोळ्यांना लावलं. येताना पायऱ्यांवर मध्येच थांबली. खाली वाशिष्ठी वळण घेऊन पसरलेली, मध्ये हिरवं बेट, भाताची खाचरं. आजी बाबांना म्हणाली, "अरे, हे सगळं इथेच होतं होय?"

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आणि बाबांनी ती गाडी कशासाठी घेतली होती हे मला त्या पायरीवर कळलं.

राजापूरला पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले. एसटीने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. घरी काकांनी विचारलं, "एवढा उशीर? गाडी बिघडली का?" आजी पाय धुता धुता म्हणाली, "नाही, थांबत थांबत आलो." त्या गणपतीत तिने ते प्रत्येक आल्यागेल्याला सांगितलं. कर्नाळा सांगितला, तळं सांगितलं, तंबाखू सांगितली. देवळाचं मात्र शेवटी आणि हळू आवाजात सांगायची. परतताना गाडीत नारळ, तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि परड्यातली दोन मोठी तवसं होती. भावाच्या पायाखाली आता नारळ आले होते. त्याची तक्रार नव्हती, त्याला फक्त मांडीचा क्रम उलटा मोजावा लागत होता.

असं घरोघर होतं. कुणी देशावरचे असतील तर ते याच गाडीतून पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट करून आले. विदर्भातले माहूरला गेले. कुणी लग्नाच्या वऱ्हाडात एका मारुतीत आठ जण बसवले. भेटलात तर विचारून बघा, त्या प्रवासात कुठे थांबलात हे प्रत्येकाला आठवतं. किती वाजता पोचलात, हे क्वचितच कुणी सांगेल.

त्याच वर्षांत रस्त्याच्या बाजूने कोकण रेल्वेचं काम चालू होतं. लाल मातीचे ढीग, डंपर, डोंगराला पडलेली भोकं. रोह्याहून वीरपर्यंत गाडी सुरूही झाली होती. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला आणि आमचंही जाणं रेल्वेने होऊ लागलं. आजीचं वय झालं होतं, तिला रेल्वे सोयीची होती आणि आम्हाला त्या रेल्वेचा अभिमान होता, आजही आहे. फक्त चिपळूण जवळ आलं की आजी खिडकीशी बसून विचारायची, "परशुराम कुठल्या बाजूला राहिला?" आम्ही बाजू सांगायचो, ती हात जोडायची. पण आता ती अंदाजाने जोडत नव्हती. समोर काय आहे, हे तिला माहीत होतं.

आमची गाडी 2003 मध्ये विकली. जांभ्याचा चिरा भावाने काढून घेतला. तो आता त्याच्या पुण्याच्या घरी तुळशीच्या कुंडीखाली आहे. कारखान्यात मारुती 800 बनणं जानेवारी 2014 मध्ये थांबलं. तीस वर्षं ती गाडी निघत होती.

मुंबई-गोवा रस्ता आता रुंद होतो आहे. कशेडीला बोगदा झाला, घाट चढायचं कारण उरलं नाही. आमच्या पिढीकडे मोठ्या गाड्या आल्या. पाय लांब करता येतात, आत गारवा असतो, मुलं आपापल्या जागेवर पट्टा लावून बसतात आणि तसंच बसायला हवं. पण पाय आखडत नाहीत म्हणून आपण थांबत नाही. पनवेल सोडतो आणि गावच्या अंगणातच उतरतो.

म्हणून हे वाचणाऱ्या, माझ्या वयाच्या तुम्हाला एक विनंती. यंदा गणपतीला जाताना सोबत आईवडील असतील तर महाडला गाडी आत वळवा. परशुरामाला वीस मिनिटं जास्त धरा, हात धरून पायऱ्या उतरवा. त्यांनी हा रस्ता शंभर वेळा केला असेल, पण बघितला असेलच असं नाही. पोचायला उशीर झाला तरी गणपती वाट बघेल.