बोलकी चूक, मुकी चूक

२०२३ साली आम्ही ज्ञानेश्वरीची शब्दसूची स्प्रेडशीटमध्ये करीत होतो. एके रात्री फाइल कोलमडली. तासाभराचे काम गेले. पुढे एक स्तंभ खोडला, तर त्यावर विसंबलेल्या सूत्रांत 'रेफ'ची चूक झळकली. सूत्र ज्या घराकडे बोट दाखवीत होते, ते घरच उरले नव्हते. आम्ही त्रागा केला. पण या चुका निदान बोलल्या.

खरा घात मुकाट्याने झाला होता. अध्याय ३, ओवी १२ या अर्थी लिहिलेल्या '३-१२'चा यंत्राने ३ डिसेंबर केला होता. मागाहून रकाना 'टेक्स्ट' केला, तर ४५२६३ उमटले. यंत्राच्या लेखी तारीख म्हणजे दिवसांची मोजणी. रकाना आधीच 'टेक्स्ट' करायला हवा होता. सगळे संदर्भ आम्ही पुन्हा हाताने भरले. जनुकांची नावेही अशीच तारखा होत असत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नामकरण-नियमांत 'मार्च१'चे 'मार्चएफ१' झालेले दिसते.

अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा घालणाऱ्या लेखनिकांना आम्ही वर्गात नेहमी दोष देत आलो. यंत्र तेच करीत होते, आणि पाठचिकित्सा शिकवणारे आम्ही ती सूची न तपासता छापायला देणार होतो.