कसाऱ्याला लागणारी इंजिनं

१९९९ च्या जून महिन्यात दादरच्या नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा नाशिकमध्ये मला ५,२०० रुपये पगार होता. दादरचा आकडा होता ९,५००. काम दोन्हीकडे हिशेबनीसाचंच. इथे द्वारकेजवळच्या एका लहान फर्ममध्ये, तिथे एका औषध वितरकाच्या मुख्य कचेरीत. ह्यांचा अंबडला लेथचा धंदा होता. त्या वर्षी काम रोडावलं आणि केलेल्या कामाची बिलंही अडकून पडली. जेल रोडच्या फ्लॅटवर कर्ज होतं, आणि त्या काळी घरकर्जाचं व्याज १३–१४ टक्क्यांच्या घरात असे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. मुंबईत बिऱ्हाड थाटावं तर वाढलेला पगार भाड्यातच जिरणार. म्हणजे मार्ग एकच राहिला होता, पंचवटी एक्स्प्रेसने रोजचं अपडाऊन.

ही गाडी १९७५ साली सुरू झाली आणि नाशिक रोडच्या कितीतरी घरांचं वेळापत्रक तिने ठरवलं. मनमाडहून पहाटे निघते, सातच्या सुमाराला नाशिक रोड, दहा वाजून गेल्यावर दादर. संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून (तेव्हाच्या सीएसटीहून) सुटते आणि साडेनऊ उलटल्यावर नाशिक रोडला येते. एका बाजूचं अंतर १८७ किलोमीटरच्या आसपास. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, "रोज?" पासवाल्यांच्या डब्यात असं कुणी विचारत नाही.

मुलाखत देऊन परत येताना मी साध्या तिकिटाने त्याच गाडीत बसले होते. समोर देवळालीला उतरणारे एक गृहस्थ होते. डब्यातले सगळे त्यांना मामा म्हणत, पुढे मीही म्हणू लागले. ते गाडीच्या पहिल्या काही वर्षांपासून अपडाऊन करणारे, नोकरी मुंबईतल्या एका सरकारी खात्यात. माझ्या हातातली फाइल बघून त्यांनी विचारलं, "मुलाखत होती का? किती देतायत?" एरवी परक्या माणसाला मी पगाराचा आकडा सांगितला नसता. त्या दिवशी सांगितला, कारण तो आकडा घरी जाऊन कसा मांडायचा हेच मला उमगत नव्हतं.

मामांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. वाढ ४,३००. त्यातून पास, चहा-नाश्ता, उशीर झाला तर होणारा जादा खर्च वजा करून हाती राहणार साडेतीन हजार. मग त्यांनी तास विचारले. नाशिकमध्ये मी साडेनऊला निघून साडेसहाला घरी असे. आता साडेसहाला निघणार आणि रात्री दहाला परतणार. दिवसाला साडेसहा तास जास्त, महिन्याला १६० च्या वर. भागाकार केला तर तासाला २२ रुपये. नाशिकच्या नोकरीत मला कामाच्या तासाला २६ रुपये पडत होते.

"म्हणजे येऊ नको म्हणता?" मी विचारलं.

"तसं नाही. गरज असेल तर जरूर ये. पण हे साडेतीन हजार घरखर्चात मिसळू देऊ नकोस. वेगळं खातं काढ. पहिल्या तारखेला आधी ते तिकडे टाकायचे आणि वर्षाच्या शेवटी कर्जाच्या मुद्दलात भरायचे. मिसळलेस की घर त्या पगाराएवढं मोठं होतं. मग गाडी सुटत नाही."

स्वतःची तशीच सुटली नव्हती, हेही त्यांनी सांगून टाकलं. आधी मुलाच्या शिक्षणासाठी, मग बंगल्याच्या वरच्या मजल्यासाठी, मग मुलीच्या लग्नासाठी, असं करत त्यांची निवृत्ती जवळ आली होती. सुरात कडवटपणा नव्हता. मला वाटतं, मला अनोळखी माणसाकडून मिळालेली ती सर्वांत मोलाची गोष्ट. पगार आणि प्रवास यांच्या तराजूवर लोक पुष्कळ बोलतात, पण वाढीव पैसा कुठे ठेवायचा आणि प्रवास कधी थांबवायचा, हे दोन प्रश्न एकच आहेत असं मला त्याआधी किंवा त्यानंतर कुणी सांगितलं नाही. मी नाशिक रोडच्या बँकेत रिकरिंग खातं काढलं आणि जुलैपासून जायला लागले.

अलीकडे अलॉइस स्टुत्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासून ते या निष्कर्षाला आले की लांबचा प्रवास करणारी माणसं आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, आणि जास्तीचा पगार किंवा चांगलं घर ती तूट पुरती भरून काढत नाही. मला ते पटतं. त्या साडेसहा तासांचं ओझं माझ्या पाठीला, डोळ्यांना आणि झोपेला चांगलंच ठाऊक आहे. पण माझ्या हिशेबात आणखी एक रकाना आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे. ते तास माझ्या एकटीचे नव्हतेच. मी गाडीत असताना माझ्या घरातलं माझं काम कुणीतरी करत होतं.

ते करणाऱ्या होत्या शेजारच्या काकू. त्यांचे यजमान करन्सी नोट प्रेसमध्ये होते. आमच्या भागात दर चार घरांत एक घर प्रेसचं. त्यांची मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेली होती. मी नोकरीबद्दल सांगायला गेले तेव्हा पाळणाघराची चौकशी करत होते. काकू म्हणाल्या, "पाळणाघर कशाला? शाळेतून इकडेच येऊ दे तिला." मी पैशांचा विषय काढला तर त्या उठून आत गेल्या आणि लाडवांचा डबा घेऊन बाहेर आल्या. विषय संपला.

मग मुलगी दुपारी त्यांच्याकडे जेवू लागली. अभ्यास त्यांच्या ओट्याशेजारी. तिला भागाकार शिकवायचा म्हणून काकूंनी आधी स्वतः काकांकडून घोकून घेतला. पालकसभा शनिवारी दुपारी असायची, माझ्या जागी त्या जायच्या आणि बाईंचं म्हणणं वहीत लिहून आणायच्या. तिसरीत कांजिण्या आल्या तेव्हा मी रजा काढली, पण मार्चअखेरचे दिवस, चौथ्या दिवशी मला जावंच लागलं. काकूंनी स्वतःच्या घराला कुलूप लावलं आणि आमच्याकडे येऊन राहिल्या. काकांचा डबासुद्धा आमच्या स्वयंपाकघरातून गेला. एका दिवाळीला मी पाकीट बळेच त्यांच्या हातात कोंबलं. जानेवारीत त्यांनी मला पोस्टाचं पासबुक आणून दिलं, मुलीच्या नावाचं. सगळी रक्कम त्यात होती, वर त्यांनी स्वतःचे शंभर घातले होते.

ह्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. सकाळी स्कूटरवर स्टेशनला सोडणं आणि रात्री न्यायला येणं त्यांनी पावसाळ्यातही चुकवलं नाही. रात्रीचा स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला. सुरुवातीला खिचडी, मग पोळ्यासुद्धा.

परतीच्या प्रवासात कसारा आलं की गाडी थांबते. तिथून इगतपुरीपर्यंत थळ घाट, १८६५ साली खुला झालेला मार्ग, चढ १ ला ३७. म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. एवढा चढ पुढच्या इंजिनाला एकट्याने ओढवत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागतात. अपडाऊनवाले त्यांना बँकर म्हणतात. ती मागून ढकलत गाडी वर नेतात आणि इगतपुरीला सुटतात. पुढच्या डब्यात बसलेल्या माणसाला ती कधी लागली आणि कधी सुटली हे बऱ्याचदा समजतही नाही, नाशिक रोडला पोचते ती गाडी पुढच्या इंजिनाच्या नावावर. आमच्या घराचंही तसंच होतं. नातेवाईक माझं कौतुक करत, मुंबईला रोज जाते म्हणून. मला ते ऐकवत नसे, आणि मी दर वेळी काकूंचं नाव घेई.

डब्यातल्या लोकांचंही देणं आहेच. कुणी जागा धरायचं, कुणाच्या डब्यातली भाजी पुरवून खाल्ली जायची. पुढे पंचवटीच्या एका डब्यातल्या पासधारकांनी शिस्त, शांतता आणि स्वच्छता यांचे नियम स्वतःच घालून घेतले आणि तो डबा आदर्श कोच म्हणून प्रसिद्ध झाला; मला त्याचं नवल वाटलं नाही. गाडी चुकलीच तर कसारा लोकल पकडायची आणि तिथून काळी-पिवळीने घाट चढायचा, हेही मला याच मंडळींनी शिकवलं.

त्यांचं सर्वांत मोठं देणं २६ जुलै २००५ चं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दुपारीच लोकल थांबल्या. दादरला हिंदमाताकडून लोक छातीभर पाण्यातून येत होते. आमच्या डब्यातली एक मैत्रीण दादरलाच नोकरीला होती. ती मला शोधत माझ्या कचेरीपर्यंत चालत आली आणि हाताला धरून हिंदू कॉलनीत आपल्या आत्याच्या घरी घेऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. आम्ही अपडाऊनवाल्या पाच-सहा जणी तिथे होतो. आत्यांनी मेणबत्तीच्या उजेडात पिठलं-भात केला आणि स्वतःची पलंगपोसं, साड्या अंथरायला दिल्या. त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मोबाइल लागत नव्हते. मध्यरात्री कधीतरी घरातला फोन लागला आणि पलीकडून काकूंचाच आवाज आला. आमचा फोन वाजेल म्हणून त्या आमच्या घरी बसून राहिल्या होत्या. "ती झोपलीय. तू नीट आहेस ना? मग ठेव, दुसऱ्यांना लावू दे," एवढंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मी मिळेल त्या जीपने घरी पोचले.

२००६ मध्ये कर्ज फिटलं. दर वर्षी मुद्दलात भरत गेल्यामुळे ठरल्यापेक्षा पुष्कळ आधी. तोवर माझा पगार १७,००० झाला होता, आणि नाशिकमध्ये हाती असलेली नोकरी ९,००० ची होती. मालकांनी आणखी दोन हजार वाढवतो म्हणून सांगितलं. भावाने समजावलं की मुलगी आता चौदा वर्षांची आहे, तिला तुझी तेवढी गरज नाही, उलट पुढच्या शिक्षणाला पैसे लागतील. त्याचं म्हणणं अवास्तव नव्हतं. पण आमचं घर ह्यांच्या कमाईवर आणि माझ्या जुन्या पगाराच्या मापात चालायला शिकलं होतं. वरचे पैसे कधी घरात आलेच नव्हते, त्यामुळे ते गेल्याने घरातलं काही कमी होणार नव्हतं. मला निर्णयाला एक संध्याकाळ पुरली. मामा तेव्हा निवृत्त होऊन देवळालीतच होते. त्यांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पासबुक घेऊन ये एकदा, मला बघायचंय." मी गेले. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक नोंद वाचली आणि मामींना हाक मारून तीही दाखवली.

नोकरी सोडायच्या आधी मी काकूंना म्हटलं, आता तरी काही मागा. त्यांनी खूप आढेवेढे घेतले आणि म्हणाल्या, "तुझी ती गाडी दाखव एकदा." ऑगस्टमधल्या एका दिवशी मी त्यांना बरोबर नेलं. डब्यातल्यांनी त्यांना खिडकी दिली. घाटात धबधबे सुरू झाले तेव्हा सगळे त्यांना बाहेर बघा म्हणत होते, आणि त्या मात्र एकेकाला विचारत होत्या, तुमची मुलं लहान आहेत का, दुपारी कुणाकडे असतात. कुणी सांगितलं आजी, कुणी सांगितलं मावशी, एकाने सांगितलं खालच्या मजल्यावरच्या एक बाई. काकूंनी त्याला त्या बाईंचं नाव विचारलं. त्याला आडनाव तेवढं माहीत होतं. काकू म्हणाल्या, "आज घरी गेलास की विचार."

आता काकू एकट्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. आठवड्यातून दोनदा मी त्यांना बिटको चौकाजवळ व्यायामाला घेऊन जाते. मुलगी पुण्याहून आली की आधी त्यांच्याकडे जाते, मग घरी येते.