बुवापाड्याची दिवाळी

अंबरनाथला निघालो म्हटले की लोक हटकून विचारतात, "देवळाला का?" त्यांचे काही चुकत नाही. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख अंगावर वागवणारे ते शिवालय कोणीही पाहावे असेच आहे. पण आमची वाट स्टेशनाच्या पश्चिमेची. तिकडे बुवापाड्यात आमची आत्या राहते.

आतोबा पोलिसात हवालदार होते. ऐन दिवाळीत बंदोबस्त नाही असे वर्ष त्यांच्या नोकरीत क्वचितच आले. आता निवृत्त होऊन ते खोलीच्या दारात कंदील बांधतात आणि दोरी घट्ट आहे ना, हे तीनतीनदा पाहतात.

यंदा त्यांच्यासाठी मी एक जुना इंग्रजी चित्रपट नेला होता. 'द ब्लू लॅम्प', १९५० सालचा. दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. लंडनच्या पॅडिंग्टन भागातला जॉर्ज डिक्सन हा साधा शिपाई निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतो. एका चित्रपटगृहावर दरोडा पडतो आणि हाती शस्त्र नसलेल्या डिक्सनवर एक पोरगेलासा गुंड पिस्तूल झाडतो.

"हातात काहीच नाही?" आत्याने विचारले.

"तिकडे गस्तीच्या शिपायाजवळ पिस्तूल नसे," मी म्हणालो.

आतोबा हळूच म्हणाले, "आमच्या तुकाराम ओंबळ्यांच्या हातात तरी काय होतं? काठीच." २००८ सालची गिरगाव चौपाटीची ती रात्र आठवून आम्ही सारेच गप्प झालो.

पुढे डिक्सनच्या बायकोला तो गेल्याची बातमी कळते. इस्पितळात न्यायची फुले तिच्या हातात असतात. ती रडत नाही. आधी ती फुले पाण्यात ठेवते. ते पाहून आत्या उठली आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. मला वाटले, चहा टाकते आहे.

"त्र्याण्णवच्या जानेवारीत हे मुंबईत होते," ती पाठमोरीच सांगू लागली. "दंगल पेटलेली. तीन दिवस निरोप नाही. चौथ्या दिवशी वाण्याचा मुलगा धावत आला, फोन आलाय म्हणाला. मी गेले नाही रे लगेच. दोरीवरचे कपडे काढले, एकेक घडी घातली, यांची खाकी सुद्धा. घड्या होईतो बातमी कळणार नव्हती ना!"

"फोनवर मीच होतो," आतोबा म्हणाले. "दुकानदाराला वाटलं, लाइन तुटली."

इतक्या वर्षांत त्यांनाही हे ठाऊक नव्हते. ते नुसते तिच्याकडे पाहत राहिले.

चित्रपटाचा शेवट कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर होतो. एरवी पोलिसांपासून चार हात दूर राहणारे पैजवालेही त्या खुन्याला घेरायला मदत करतात. मरून गेलेला डिक्सन लोकांना इतका आवडला, की १९५५ साली बीबीसीने त्याला पुन्हा जिवंत केले आणि १९७६ पर्यंत त्याची मालिका चालवली. हे ऐकून आत्याला फार बरे वाटले.

निघताना तिने फराळाचे दोन पुडे दिले. एक माझा. दुसरा स्टेशनाबाहेर जो शिपाई बंदोबस्ताला असेल त्याचा. हा तिचा दर दिवाळीचा नेम.

स्टेशनाबाहेर एक तरुण शिपाई उभा होता. पुडा हातात घेत त्याने विचारले, "कोणाकडून?"

मी म्हणालो, "बुवापाड्याहून. घरच्यांकडून."